मोसी-ओआ-तुन्या : एका प्रवासाची पूर्वतयारी

परदेशप्रवासाची आखणी म्हटली की तिकीट, मुक्काम आणि खर्च ह्या तीन गोष्टींपासून आरंभ करण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील व्हिक्टोरिया धबधब्याच्या बाबतीत मात्र ह्या क्रमाने गेल्यास फसगत होण्याचा संभव फार. तिकीट हाती आहे, मुक्काम उत्तम आहे, आणि समोर पाहावे तो शेकडो मीटर कोरडा काळा कडा! किंवा याच्या उलट : पाणी इतके की पांढऱ्या धुक्याखेरीज डोळ्यांना काहीच दिसू नये. दोन्ही प्रकारचे प्रवासी तेथून परत येतात आणि दोघेही आपण व्हिक्टोरिया धबधबा पाहिला असे सांगतात. दोघेही खरे बोलत असतात. हा धबधबा बारा महिन्यांत अनेक रूपे घेतो आणि दोन देशांच्या दोन काठांवरून निरनिराळा दिसतो. म्हणून येथे पहिला प्रश्न ‘किती रुपये?’ हा नसून ‘कोणता महिना आणि कोणता काठ?’ हा आहे.

हा अभ्यास मी हौसेने आरंभिला असे म्हणता येणार नाही. माझी मावशी तालुक्याच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाली. झांबेझी नदी आणि तिच्यावरील धबधबा तिने मुलांना वर्षानुवर्षे फळ्यावर काढून दाखवला, पाहिला मात्र कधीच नाही. निवृत्तीच्या पैशांतून एकदाच, आणि एकच, मोठा प्रवास करायचा असे तिने ठरवले आणि ‘तू भूगोल घेऊन बी.ए. करतेस ना, मग आखणी तूच कर’ असे म्हणून वही माझ्या पुढ्यात टाकली. एकदाच जायचे असल्याने महिना चुकला तर पुन्हा संधी नाही. त्या वहीतील टिपणांतून हा लेख झाला आहे.

आधी स्थळाची ओळख करून घेऊ. झांबेझी नदी झांबियाच्या वायव्य कोपऱ्यात उगम पावते, अंगोलात शिरून पुन्हा झांबियात येते, आणि सुमारे २,६०० किलोमीटरचा प्रवास करून मोझांबिकमध्ये हिंदी महासागराला मिळते. वाटेत झांबिया व झिंबाब्वे यांच्या सीमेवर तिचे सारे पात्र एकाएकी जमिनीतील एका भेगेत कोसळते. धबधब्याची रुंदी १,७०८ मीटर, आणि जेथे सर्वांत अधिक तेथे उंची १०८ मीटर. याहून उंच धबधबे जगात पुष्कळ आहेत, याहून रुंदही आहेत. परंतु इतक्या रुंदीचा आणि इतक्या उंचीचा पाण्याचा एकसंध पडदा अन्यत्र नाही. युनेस्कोने १९८९ साली हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले ते दोन्ही नावांनिशी : मोसी-ओआ-तुन्या आणि व्हिक्टोरिया.

आता महिन्याचा प्रश्न. येथे आपली, म्हणजे सह्याद्रीच्या आसऱ्याने वाढलेल्या माणसांची, उपजत समजूत आड येते. आंबोलीला रात्री पाऊस कोसळला की सकाळी धबधबा भरलेला असतो. पाऊस थांबला की आठवडाभरात तो बारीक होतो. पाऊस आणि धबधबा ही आपल्या मनात एकाच दिवसाची गोष्ट असते. झांबेझीवर तसे नाही. धबधब्याजवळच्या लिव्हिंगस्टन गावी वर्षाकाठी पडणारा पाऊस आंबोलीच्या पावसाच्या जेमतेम दहावा हिस्सा आहे. तेथे पावसाळा साधारणपणे नोव्हेंबरात सुरू होऊन मार्चअखेर संपतो. ह्या हिशोबाने पाहणारा मनुष्य जानेवारी महिना निवडील, आणि चुकेल. कारण धबधब्याचे पाणी त्या गावच्या पावसाचे नव्हे. ते शेकडो किलोमीटर दूर, अंगोलाच्या पठारावर आणि झांबियाच्या वायव्य भागात पडलेल्या पावसाचे आहे.

ते पाणी लगेच खालीही येत नाही. वाटेत बारोत्सेचे विस्तीर्ण पूरमैदान लागते. नदी तेथे काठ सोडून मैदानभर पसरते, माती भिजवते, गवतात रेंगाळते आणि मग सावकाश पुढे सरकते. ह्या मैदानात लोझी लोक राहतात. पाणी चढू लागले की त्यांचा राजा, ज्याला ते लितुंगा म्हणतात, ‘नालिक्वांदा’ नावाच्या मोठ्या नौकेतून लेआलुई येथील आपला वाडा सोडून लिमुलुंगा येथे उंचवट्यावर राहावयास जातो. ह्या सोहळ्याला ‘कुओम्बोका’ म्हणतात. अर्थ एवढाच की पाण्यातून बाहेर पडणे. सोहळ्याचा दिवस पाणी पाहून ठरतो. आपण धबधब्याची वेळ शोधताना ज्या पुराचा हिशोब कागदावर मांडतो, तोच पूर तिकडे एका राजाला घर बदलावयास लावतो, हे मला मोठे मौजेचे वाटले.

ह्या विलंबाचा परिणाम असा की लिव्हिंगस्टनमध्ये आकाश मोकळे झाल्यावर धबधबा भरू लागतो. एप्रिल हा सर्वाधिक पाण्याचा महिना, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर हे सर्वांत कमी पाण्याचे. वर्षाची सरासरी धरली तर सेकंदाला सुमारे १,१०० घनमीटर पाणी कड्यावरून पडते. पण ह्या सरासरीवर विसंबणे व्यर्थ आहे, कारण एप्रिलचे पाणी नोव्हेंबरच्या पाण्याच्या सुमारे दहापट असते.

मग एप्रिलच गाठावा, असे कोणीही म्हणेल. मावशीही तेच म्हणाली. अडचण अशी की भरल्या पाण्याचा धबधबा दिसत नाही. भेग अरुंद आहे. एवढे पाणी तळावर आपटून जे तुषार उठतात ते चारशे मीटरांहून वर चढतात आणि समोरच्या काठावर उलट्या-सुलट्या पावसासारखे कोसळतात. हे धुराचे लोट पन्नासेक किलोमीटरांवरून दिसतात, पण त्यांच्याखाली उभ्या असलेल्या माणसाला दहा पावलांवरचे दिसेनासे होते. समोरच्या काठावर ह्याच तुषारांवर एक सदाहरित रान वाढले आहे. आजूबाजूचा मुलूख कोरड्या झुडपांचा, आणि तेवढीच एक पट्टी ओलीचिंब. एप्रिलमध्ये तेथे जाणाऱ्याला आवाज ऐकू येतो, जमिनीची थरथर पायांना कळते, कपडे भिजतात. प्रपात मात्र अंदाजाने समजून घ्यावा लागतो.

याच्या उलट ऑक्टोबर. उन्हाळा कडक, पाणी कमी, तुषार विरळ. त्या वेळी कडा तळापर्यंत दिसतो. पूर्वेकडचा, म्हणजे झांबियाच्या बाजूचा भाग तर जवळजवळ कोरडा पडतो, कारण नदीचे पात्र पश्चिमेकडे अधिक खोल आहे. शिवाय झांबियाच्या काठावरील १०८ मेगावॅटच्या वीजकेंद्रासाठी धबधब्याच्या वरच पाणी वळवले जाते. २०१९ च्या अखेरीस मोठा दुष्काळ पडला तेव्हा ‘व्हिक्टोरिया धबधबा आटला’ अशा अर्थाचे मथळे जगभर झळकले. पाणी त्या वर्षी खरोखरच फार कमी होते. पण सोबत छापलेली कोरड्या कड्याची छायाचित्रे बहुधा पूर्वेकडच्या भागाची होती, आणि तो भाग त्या दिवसांत दरवर्षीच कोरडा असतो. त्याच वेळी पश्चिमेच्या टोकाला नदी पडतच होती. काठ न सांगता छायाचित्र छापले की अशी गफलत होते.

येथे माझे आणि मावशीचे मत जुळेना. माझे म्हणणे असे की भूगोलाच्या माणसाने पाण्यापेक्षा खडक पाहावा, आणि त्यासाठी सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. ह्या हट्टाला कारण आहे. धबधबा ज्या खडकात आहे तो बेसाल्ट, म्हणजे आपल्या घाटातला काळवत्री दगडच. दख्खनचा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, तर तिकडचा सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वीचा. लाव्हा थंड होताना त्यात पूर्व-पश्चिम मोठमोठ्या भेगा पडल्या आणि पुढे त्या मऊ गाळाने भरून गेल्या. दक्षिणेकडे वाहणाऱ्या नदीला अशी एखादी भेग आडवी आली की ती आतला गाळ धुऊन काढते आणि सबंध रुंदीने भेगेत पडू लागते. कालांतराने कड्याचा एखादा दुबळा भाग खचतो, पाणी तेथून मागे मागे कोरत जाते, पुढची भेग सापडते आणि धबधबा तिच्यात हलतो. गेल्या सुमारे एक लाख वर्षांत तो अशा रीतीने आठेक किलोमीटर मागे सरकला आहे. धबधब्याखालच्या नागमोडी घळया ही त्याची सोडलेली घरे होत. आजचा धबधबा ह्या मालिकेतील आठवा मानतात. पश्चिमेच्या टोकाला, ज्याला डेव्हिल्स कॅटरॅक्ट म्हणतात, तेथे कड्याची धार बाकीच्या धारेपेक्षा खाली गेली आहे. नवव्या धबधब्याची सुरुवात तेथे झालेली आहे. भूगोलाच्या पुस्तकात धबधबा म्हणजे बिंदू असतो. येथे तो चालताना पकडता येतो. हे सारे धुक्यात झाकून घ्यायचे आणि भिजून परत यायचे, हे मला पटत नव्हते.

मावशीचे उत्तर मात्र विचारात घेण्यासारखे होते. ‘मी मुलांना काय शिकवले? गर्जणारा धूर. तो धूरच नसेल तर मी तिथे जाऊन काय पाहू? खडक मला घाटात रोज दिसतो.’

‘गर्जणारा धूर’ हा मोसी-ओआ-तुन्या ह्या कोलोलो लोकांच्या नावाचा अर्थ. नाव दुरून पाहणाऱ्याचे आहे, हे उघड आहे. धूर दिसतो आणि गर्जना ऐकू येते ती लांबून. टोंगा लोकांचे नाव आहे ‘शुंगु नामुतितिमा’. त्यात उकळत्या पाण्याची कल्पना आहे. आणि तिसरे नाव डेव्हिड लिव्हिंगस्टन याने आपल्या राणीवरून दिले. हा स्कॉटिश मिशनरी १६ नोव्हेंबर १८५५ रोजी कोलोलोंचा राजा सेकेलेतु याच्या लोकांबरोबर येथे पोहोचला. ही तारीख मुद्दाम लक्षात घ्यावी. नोव्हेंबर म्हणजे पाणी सर्वांत कमी. म्हणूनच त्याला होडीतून थेट कड्याच्या धारेवरील बेटावर उतरता आले आणि पालथे पडून भेगेत डोकावता आले. तो एप्रिलमध्ये आला असता तर बेटावर जाणे त्याच्या नावाड्यांना शक्य झाले नसते. इतके जवळून पाहूनही त्याचा अंदाज मात्र फार कमी निघाला : रुंदी हजार यार्ड, खोली शंभर फूट. १८६० साली तो परत आला, दोरीला बंदुकीच्या गोळ्या आणि पांढऱ्या कापडाचा तुकडा बांधून ती खाली सोडली, आणि मूळ आकड्यांत मोठी दुरुस्ती केली. त्याच बेटावर त्याने पहिल्या भेटीत फळांच्या बिया लावून छोटीशी बागही केली होती. ती पाणघोड्यांनी तुडवली.

ओघात आले म्हणून सांगते. हाच लिव्हिंगस्टन १८६४ साली आपली छोटी आगबोट हाकत झांझिबारहून मुंबईला आला होता. आणि १८६६ च्या त्याच्या अखेरच्या मोहिमेत नाशिकजवळच्या शरणपूरच्या मिशनशाळेतले काही आफ्रिकी तरुण होते. गुलामांच्या जहाजांवरून सोडवून आणलेली ही मुले नाशिकला शिकली आणि पुन्हा आफ्रिकेत गेली. ती मोहीम धबधब्याची नव्हे, पण आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात हे पान कोणी शिकवत नाही, म्हणून हा आडरस्ता.

असो. महिन्याचा वाद आम्ही पाण्याच्या उतरणीवर मिटवला. एप्रिलनंतर पाणी हळूहळू ओसरते. जूनमध्ये ते अद्याप भरपूर असते, धूर उठतो, गर्जना असते. पण तुषारांचा पडदा मधूनमधून फाटतो आणि कडा दिसतो. पूर्वेचा भागही त्या वेळी वाहता असतो. दक्षिण गोलार्धात तो हिवाळा. दिवस स्वच्छ व उबदार, रात्री तापमान दहा अंशांच्याही खाली जाऊ शकते, तेव्हा शाल नव्हे, स्वेटर हवा. पाऊस नसल्याने डास कमी. तरी हा मुलूख हिवतापाचा आहे आणि प्रतिबंधक गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारल्यावाचून निघू नये.

जून ठरला, पण तारीख? येथे पंचांग कामी आले. भरपूर तुषार आणि पौर्णिमेचे चांदणे असले म्हणजे ह्या धबधब्यावर रात्रीही इंद्रधनुष्य पडते. त्यासाठी भरल्या पाण्याच्या महिन्यांत पौर्णिमेच्या आसपास दोन्ही काठांवरील उद्याने रात्री उघडी ठेवतात. जूनमधली पौर्णिमा म्हणजे बहुधा ज्येष्ठी, वटपौर्णिमा. मावशी म्हणाली, ‘चाळीस वर्षे वडाला फेऱ्या मारल्या, एक वर्ष वड मला माफ करील.’

आता काठ. झिंबाब्वेच्या बाजूने धबधब्याचा बहुतेक सगळा भाग समोरासमोर दिसतो. पाऊलवाट सपाट आहे आणि व्हिक्टोरिया फॉल्स हे गाव चालण्याच्या अंतरावर आहे. झांबियाच्या बाजूने दर्शन कमी, पण जवळीक अधिक : पूर्व प्रपाताची धार हाताशी येते, आणि एक वाट घळईच्या तळाशी ‘बॉइलिंग पॉट’पर्यंत उतरते. सबंध नदी पहिल्या घळईतून फक्त ११० मीटर रुंदीच्या फटीतून बाहेर पडते, आणि ती पुढे वळते त्या ठिकाणचा हा भोवरा. मावशीचे गुडघे पाहता ती उतरण मी वहीतून खोडली. तिने ती पुन्हा लिहिली. मी पुन्हा खोडली आहे. मुक्कामाचे लिव्हिंगस्टन गाव येथून दहा किलोमीटर दूर, तेव्हा वाहन धरावे लागते.

दोन काठांच्या मध्ये पूल आहे. इंग्लंडात घडवलेल्या पोलादी भागांचा हा पूल १९०५ साली पुरा झाला. नदीपासून १२८ मीटर उंच. सेसिल ऱ्होड्सची इच्छा अशी की धबधब्याचे तुषार आगगाडीच्या डब्यांवर पडावेत. तो स्वतः पूल होण्यापूर्वी, १९०२ साली वारला. आज पायी पलीकडे जाता येते, परंतु हा पूल नेहमीच उघडा होता असे नाही. पूर्वीच्या ऱ्होडेशियातील गोऱ्या अल्पसंख्य राजवटीशी झालेल्या संघर्षात १९७३ साली सीमा बंद झाली. २६ ऑगस्ट १९७५ रोजी पुलाच्या मध्यावर रेल्वेचे डबे उभे करून वाटाघाटी झाल्या. झांबियाचे अध्यक्ष केनेथ कौंडा व दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान फोर्स्टर मध्यस्थ होते, आणि इयान स्मिथ व आफ्रिकी नेते आमनेसामने होते. बोलणी निष्फळ झाली. झिंबाब्वे स्वतंत्र झाला तो १९८० साली. त्या वर्षांत कोणी आमच्यासारखी आखणी केली असती तर त्याला एकच काठ मिळाला असता.

आजही पूल ओलांडणे म्हणजे देश बदलणे, हे विसरू नये. दोन्ही देशांना चालणारा एकच व्हिसा देण्याचा उपक्रम २०१४ साली सुरू झाला. तथापि व्हिसाचे नियम बदलत असतात, ते निघण्यापूर्वी दोन्ही वकिलातींकडून लेखी विचारून घ्यावेत. दुसरी गोष्ट मार्गाची. नैरोबी किंवा अदिस अबाबा येथून जाणारा मार्ग आपल्याला सोयीचा दिसतो. परंतु केनिया व इथिओपिया हे देश भारत सरकारच्या पीतज्वराच्या यादीत आहेत, आणि तेथून परतणाऱ्याजवळ लशीचा दाखला नसेल तर विलगीकरणात ठेवण्याचा प्रसंग येऊ शकतो. दाखला लस घेतल्यावर दहा दिवसांनी वैध होतो. साठी ओलांडलेल्यांना ही लस देताना अधिक सावधगिरी लागते. मावशी त्रेसष्ट वर्षांची. म्हणून तिकीट थोडे महाग पडले तरी जोहान्सबर्गचा मार्ग धरायचे आम्ही ठरवले.

राहिला क्रम. धबधबा पूर्व-पश्चिम पसरलेला आहे आणि इंद्रधनुष्य नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. तेव्हा दुपार कलल्यावर पश्चिम टोकाला, डेव्हिल्स कॅटरॅक्टजवळ, उभे राहून घळईत पूर्वेकडे पाहावे. सकाळी पूर्व टोकाला उभे राहून पश्चिमेकडे पाहावे. चंद्रालाही हाच नियम : पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो, म्हणून रात्रीचे धनुष्य चंद्र फार वर चढण्यापूर्वी पूर्वेकडून पाहणे चांगले. यावरून आमचा आराखडा असा झाला : प्रथम झिंबाब्वेत दोन रात्री आणि दोन्ही दिवशी तिसरा प्रहर पश्चिम टोकाला, चतुर्दशीला सकाळी सामान गाडीत आणि आम्ही दोघी पायी पुलावरून पलीकडे, पौर्णिमेची रात्र झांबियाच्या काठावर, दुसऱ्या दिवशी सकाळी पूर्व प्रपात, आणि लिव्हिंगस्टनच्या विमानतळावरून परत. सीमा एकदाच ओलांडायची. सामानात दोन रेनकोट, कागदपत्रांसाठी प्लॅस्टिकची पिशवी, आणि मावशीच्या आग्रहाने शाळेची जुनी नकाशावही.